एक शिरस्त्राण, अनेक राजधान्या : सिएरा लिओन, २०००

#थ्रेड

१/
१५ जुलै २००० ची पहाट. पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन या छोट्या देशाच्या पूर्व टोकाला, कैलाहुन नावाच्या गावाजवळ, पावसाळी ढगांतून दोन ब्रिटिश चिनूक हेलिकॉप्टरे उतरली. त्यांतून भारताचे पॅरा कमांडो बाहेर पडले. अडीच महिने वेढ्यात अडकलेल्या आपल्या सहकाऱ्यांना सोडवण्यासाठी ते आले होते. हे ‘ऑपरेशन खुकरी’.

२/
या मोहिमेच्या शौर्यकथा अनेकांनी वाचल्या असतील. त्या कथांत एक प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. ज्या देशात संयुक्त राष्ट्रांचे हजारो सैनिक तैनात होते, तेथे त्याच सेनेचे २२२ भारतीय जवान आणि ११ लष्करी निरीक्षक अडीच महिने वेढ्यात राहिलेच कसे? उरलेली सेना काय करत होती?

३/
उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते. सिएरा लिओन ही ब्रिटनची जुनी वसाहत. १९६१ मध्ये स्वतंत्र झाली. मार्च १९९१ मध्ये शेजारच्या लायबेरियातून ‘रिव्होल्युशनरी युनायटेड फ्रंट’ म्हणजे आरयूएफ या संघटनेचे बंडखोर आत शिरले. त्यांचा नेता फोडे सांको हा सैन्यातील माजी कॉर्पोरल. त्याचा पाठीराखा लायबेरियाचा युद्धनायक आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला चार्ल्स टेलर.

४/
या युद्धाला पैसा पुरवला हिऱ्यांनी. कोनो आणि आसपासच्या पूर्व भागात हिरे नदीकाठच्या गाळात सापडतात. फावडे आणि चाळणी एवढ्यावर उत्खनन होते. ज्याच्या हाती तो प्रदेश, त्याच्या हाती शस्त्रांचा पैसा. सामान्य नागरिकांचे हात तोडणे आणि लहान मुलांच्या हाती बंदुका देणे, या दोन गोष्टींनी आरयूएफचे नाव जगभर कुप्रसिद्ध झाले.

५/
या बंडखोरांशी अनेक वर्षे लढले ते प्रामुख्याने नायजेरियाचे सैनिक. पश्चिम आफ्रिकी देशांच्या ‘इकोमॉग’ या संयुक्त सेनेचा कणा नायजेरियाच होता. १९९७ च्या लष्करी बंडात पदच्युत झालेले राष्ट्राध्यक्ष अहमद तेजान कब्बा यांना १९९८ मध्ये याच सेनेने पुन्हा सत्तेवर बसवले. ६ जानेवारी १९९९ रोजी बंडखोर राजधानी फ्रीटाउनमध्ये घुसले, तेव्हा त्यांना मागे रेटताना शेकडो नायजेरियन जवान मारले गेले. पुढील घटना समजण्यासाठी ही गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

६/
१९९९ मध्ये नायजेरियात लष्करी राजवट संपून ओलुसेगुन ओबासान्जो निवडून आले. परदेशातील हे महागडे युद्ध त्यांना आवरते घ्यायचे होते. नायजेरिया निघून गेला तर फ्रीटाउन टिकणार नाही, हे सर्वांना ठाऊक होते. त्यामुळे ७ जुलै १९९९ रोजी टोगोची राजधानी लोमे येथे घाईने शांतता करार झाला.

७/
कराराच्या अटी पाहण्यासारख्या आहेत. बंडखोरांना सर्वसाधारण माफी मिळाली. सांकोला उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा मिळाला. शिवाय देशाच्या खनिजसंपत्तीच्या व्यवस्थापनासाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्षपदही त्यालाच देण्यात आले. म्हणजे हिऱ्यांवरून लढणाऱ्याच्याच हाती हिऱ्यांच्या किल्ल्या! त्या बदल्यात त्याने शस्त्रे खाली ठेवायची होती.

८/
ती शस्त्रे गोळा करून घेण्यासाठी सुरक्षा परिषदेने २२ ऑक्टोबर १९९९ रोजी ठराव १२७० संमत केला आणि ‘युनामसिल’ ही शांतिसेना जन्माला आली. प्रारंभी मंजूर संख्या ६,०००. इकोमॉग जाणार हे निश्चित झाल्यावर फेब्रुवारी २००० मध्ये ती ११,१०० करण्यात आली. फोर्स कमांडर म्हणून भारताचे मेजर जनरल विजयकुमार जेटली यांची नेमणूक झाली.

९/
भारत, नायजेरिया, घाना, केनिया, गिनी, झांबिया, जॉर्डन, बांगलादेश अशा अनेक देशांच्या तुकड्या या सेनेत येणार होत्या. कागदावर हे सैन्य भक्कम दिसते. पण ‘संयुक्त राष्ट्रांचे सैन्य’ म्हणजे नेमके काय, हे समजल्याखेरीज पुढचा अनर्थ कळत नाही.

१०/
संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःचा एकही सैनिक नाही. १९४५ च्या सनदेतील कलम ४३ नुसार सदस्य देशांनी करार करून आपले सैन्य सुरक्षा परिषदेला उपलब्ध करून द्यायचे होते. शीतयुद्ध आडवे आले आणि असा एकही करार आजतागायत झालेला नाही. म्हणून प्रत्येक संकटाच्या वेळी नव्याने देशोदेशी विचारणा करावी लागते. जो येईल तो आपला.

११/
येणाऱ्या तुकडीवर फोर्स कमांडरचा अधिकारही मर्यादित असतो. कोठे जायचे आणि कोणते काम करायचे, हे तो सांगू शकतो. पण जवानाचा पगार, बढती, शिस्त आणि शिक्षा हे सारे त्याच्या मायदेशाच्या हाती राहते. त्यामुळे धोक्याचा हुकूम आला की तुकडीचा प्रमुख आधी आपल्या राजधानीला विचारतो. तेथून ‘थांबा’ असा निरोप आला, तर कमांडरच्या हुकुमाला फारसा अर्थ उरत नाही.

१२/
सामग्रीचेही तसेच. तुकडीने आपल्या गाड्या, शस्त्रे, तंबू, रेडिओ स्वतः आणायचे आणि संयुक्त राष्ट्रांनी त्याचा मोबदला द्यायचा, अशी पद्धत आहे. सैनिकामागे दरमहा सुमारे १,००० डॉलर संबंधित सरकारला मिळत. श्रीमंत देशांनी आपले जवान अशा मोहिमांना पाठवणे जवळपास बंद केले होते. ज्यांनी पाठवले, त्यांतील काहींकडे ठरलेली सामग्रीच नव्हती. एका तुकडीकडे लढाऊ हेलिकॉप्टर, तर दुसरीकडे पुरेशी वाहनेही नाहीत, असा हा संच होता.

१३/
तिसरी अडचण मँडेटची. ठराव १२७० सनदेच्या सातव्या प्रकरणाचा आधार घेत होता. आपल्या क्षमतेनुसार नागरिकांचे रक्षण करण्यासाठी बळ वापरण्याची मुभा त्यात स्पष्ट शब्दांत होती. अशी मुभा मिळालेल्या पहिल्या मोहिमांत युनामसिलची गणना होते. पण बहुतेक सरकारांनी आपले जवान पाठवले ते ‘करार झालेला आहे, शस्त्रे गोळा करायची आहेत’ या समजुतीने. ठराव एक बोलत होता आणि राजधान्यांनी दुसरेच ऐकले होते.

१४/
चौथी अडचण मानापमानाची. शेकडो जवान गमावलेल्या नायजेरियाला सेनेचे नेतृत्व आपल्याकडे असावे असे वाटणे स्वाभाविक होते. इकोमॉगमधील काही नायजेरियन बटालियनांनी तर केवळ शिरस्त्राणाचा रंग बदलून युनामसिलमध्ये प्रवेश केला होता. मोहिमेचे राजकीय प्रमुख ओलुयेमी आदेनिजी नायजेरियाचे, उपसेनापती नायजेरियाचे आणि मधल्या खुर्चीवर नुकताच आलेला भारतीय जनरल. या तिघांचे पटले नाही.

१५/
पहिली ठिणगी जानेवारी २००० मध्येच दिसली. शांतिसेनेत सामील होण्यासाठी येणाऱ्या गिनीच्या तुकडीला बंडखोरांनी वाटेत अडवले आणि तिची शस्त्रे व चिलखती गाड्या काढून घेतल्या. शस्त्रे गोळा करायला आलेल्यांनीच शस्त्रे देऊन टाकली होती! निळ्या शिरस्त्राणाला धक्का लावला तरी फारसे काही घडत नाही, हा धडा आरयूएफने त्याच वेळी गिरवला.

१६/
एप्रिलच्या अखेरीस इकोमॉगचे उरलेले सैनिक परतीच्या वाटेला लागले. युनामसिलच्या सर्व तुकड्या अजून पोहोचल्याही नव्हत्या. नेमक्या याच वेळी मकेनी या उत्तरेकडील शहरातील निःशस्त्रीकरण केंद्रात काही आरयूएफ सैनिक आपल्या वरिष्ठांना न विचारता शस्त्रे जमा करून बसले. १ मे रोजी संतप्त बंडखोर केंद्राभोवती जमले आणि ‘आमची माणसे आणि शस्त्रे परत करा’ अशी मागणी करू लागले.

१७/
केंद्राचे रक्षण केनियाचे जवान करत होते. त्यांनी मागणी नाकारली. मकेनी आणि जवळच्या मगबुराका येथे त्यांच्यावर हल्ले झाले. काही जवान मारले गेले, काही पकडले गेले. तरी केनियाच्या मुख्य तुकडीने शस्त्रे ठेवली नाहीत. काही दिवसांच्या वेढ्यानंतर ती वाट काढून बाहेर पडली. ‘आफ्रिकी तुकड्यांनी लढायलाच नकार दिला’ असे सरसकट विधान जे करतात, त्यांनी मकेनीची ही घटना वाचावी.

१८/
केनियाच्या मदतीला नुकतीच दाखल झालेली झांबियाची बटालियन धाडण्यात आली. प्रदेश अनोळखी, सामग्री अपुरी, पुढे काय वाढून ठेवले आहे याची माहिती जवळपास शून्य. वाटेतच बंडखोरांनी तिला घेरले. सुमारे चारशे सैनिक आपल्या चिलखती गाड्यांसह हाती सापडले. लवकरच त्याच गाड्या आरयूएफ वापरू लागले.

१९/
आठवडाभरात देशभरात मिळून सुमारे ५०० शांतिसैनिक ओलीस होते किंवा वेढ्यात होते. त्यातच, बंडखोर राजधानीच्या वेशीवर आल्याची बातमी संयुक्त राष्ट्रांकडूनच बाहेर पडली आणि ती चुकीची असल्याचे नंतर सांगावे लागले. आपलीच तुकडी कोठे आहे आणि शत्रू कोठे, हे मुख्यालयाला नीट ठाऊक नव्हते. इतक्या देशांचे रेडिओ, इतक्या भाषा, इतक्या कार्यपद्धती. खबर वेळेवर पोहोचणार तरी कशी?

२०/
फ्रीटाउनच्या नागरिकांना जानेवारी १९९९ विसरता येण्याजोगा नव्हता. ८ मे रोजी हजारो लोक सांकोच्या घरावर चालून गेले. त्याच्या अंगरक्षकांनी गोळीबार केला आणि सुमारे वीस जण ठार झाले. सांको पळाला, १७ मे रोजी तो पकडला गेला. ज्यांच्या रक्षणासाठी एवढा खटाटोप होता, ते नागरिक अखेर स्वतःच रस्त्यावर उतरले होते.

२१/
त्याआधी, ७ मे रोजी, ब्रिटनने ‘ऑपरेशन पॅलिसर’ सुरू केले. ब्रिगेडियर डेव्हिड रिचर्ड्स यांच्या नेतृत्वाखाली पॅराट्रूपर्स लुंगी येथील विमानतळावर उतरले. मूळ उद्देश ब्रिटिश व अन्य परदेशी नागरिकांना बाहेर काढण्याचा होता. पण काही दिवसांतच विमानतळ आणि राजधानी सुरक्षित झाली, शांतिसेनेला सावरायला वेळ मिळाला आणि आरयूएफची आगेकूच थांबली.

२२/
काही शेकडा ब्रिटिश सैनिकांना जे जमले, ते हजारोंच्या शांतिसेनेला का जमले नाही? ब्रिटिशांचे शिक्षण आणि शस्त्रे चांगली होती, हे खरेच. पण त्याहून मोठा फरक हुकुमाचा होता. रिचर्ड्स यांच्या जवानांची एकच राजधानी होती. प्रसंग पाहून मोहिमेचा उद्देश वाढवण्याचे धाडस रिचर्ड्स करू शकले, कारण ते निभावून नेणारे सरकार एकच होते. ब्रिटनने आपले सैन्य युनामसिलच्या हुकुमाखाली दिले नाही, तेही याच कारणाने.

२३/
यात एक कडवट गोष्ट आहे. बलाढ्य देश बाहेरून मदत करतो तेव्हा संकट टळते, पण सेनेच्या आतील दुबळेपणा तसाच राहतो. ‘तुमचे जवान आमच्याबरोबर का उभे राहत नाहीत?’ हा प्रश्न इतर देश विचारतात. जॉर्डनने नंतर तो उघडपणे विचारला. जोखीम गरीब देशांनी पत्करायची आणि कीर्ती श्रीमंतांनी न्यायची, ही भावना बहुराष्ट्रीय सेनेला आतून पोखरते.

२४/
आता कैलाहुनकडे वळू. लायबेरियाच्या सीमेलगत, आरयूएफच्या बालेकिल्ल्यात भारताच्या दोन कंपन्या तैनात होत्या. त्यांत ५/८ गोरखा रायफल्सचे जवान होते. मे महिन्याच्या सुरुवातीला त्यांना वेढा पडला. ‘शस्त्रे द्या आणि सुखरूप जा’ हा बंडखोरांचा निरोप होता. जवानांनी तो मानला नाही. छावणी लढाईसाठी सज्ज ठेवून, तुटपुंज्या शिध्यावर ते बसून राहिले.

२५/
लगेच हल्ला करून त्यांना सोडवणे का शक्य नव्हते? कारण इतरत्र शेकडो ओलीस बंडखोरांच्या हाती होते. कैलाहुनला हात लावला, तर झांबिया आणि केनियाच्या जवानांचे काय होईल? एका देशाच्या सैनिकांची सुटका दुसऱ्या देशाच्या सैनिकांच्या जिवावर बेतू शकत होती. बहुराष्ट्रीय मोहिमेतील हा पेच सर्वांत अवघड असतो.

२६/
म्हणून आधी वाटाघाटी झाल्या आणि मध्यस्थ कोण? चार्ल्स टेलर! ज्याच्या पाठबळावर आरयूएफ उभी होती, त्याच्याच मार्फत मे महिन्यात बहुतेक ओलीस टप्प्याटप्प्याने लायबेरियामार्गे सुटले. भारताचे २१ जवान पेंडेम्बू भागात अडकले होते. ते जूनअखेर मोकळे झाले. कैलाहुनचा वेढा मात्र उठेना. आता बळाचा वापर करण्यास अडसर उरला नव्हता.

२७/
खुकरीची योजना पाहिली की एक गोष्ट ठळकपणे दिसते. हल्ल्याची धुरा जवळपास पूर्णतः भारतीय होती: पॅरा कमांडो, गोरखा, वर्षभरापूर्वी कारगिलमध्ये टायगर हिलवर लढलेली १८ ग्रेनेडियर्स, भारतीय वायुदलाची एमआय-८ आणि लढाऊ एमआय-३५ हेलिकॉप्टरे. ब्रिटनने चिनूक दिली. घाना आणि नायजेरियाच्या तुकड्यांकडे पिछाडी व मार्ग राखण्याचे काम सोपवण्यात आले.

२८/
१५ जुलैला मुसळधार पावसामुळे लढाऊ हेलिकॉप्टरांना प्रारंभी उड्डाण करता आले नाही. तरीही निरीक्षकांना आधी बाहेर काढण्यात आले, वेढा फोडण्यात आला आणि कैलाहुनमधील तुकडी गोळीबार झेलत पेंडेम्बूच्या दिशेने निघाली. दुसऱ्या दिवशी सारे डारू येथील तळाकडे परतले. वेढ्यातील २३३ जणांपैकी सर्वजण सुटले. या कारवाईत भारताचा एक हवालदार धारातीर्थी पडला, काही जवान जखमी झाले.

२९/
संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखालील ही एक यशस्वी लढाऊ कारवाई. पण तिच्या यशाचे रहस्य पाहा. बहुराष्ट्रीय सेनेने त्या दोन दिवसांपुरते एकराष्ट्रीय सेनेसारखे वागून हे यश मिळवले. एकत्र सराव केलेले, एकाच भाषेत हुकूम घेणारे, एकाच राजधानीला बांधलेले जवान पुढे होते. इतरांना त्यांच्या तयारीला झेपेल एवढेच काम दिले होते आणि ते त्यांनी पार पाडले.

३०/
मग युनामसिल सावरली का? इतक्यात नाही. जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांनी निवृत्त जर्मन जनरल मानफ्रेड आयझेले यांच्या नेतृत्वाखाली पाहणी पथक पाठवले होते. मोहिमेच्या अंगांमध्ये एकसूत्रीपणाचा गंभीर अभाव आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. मराठीत सांगायचे तर, एक ना धड भाराभर चिंध्या.

३१/
सप्टेंबरमध्ये स्फोट झाला. जेटली यांनी मे महिन्यात लिहिलेला गोपनीय अहवाल वृत्तपत्रांच्या हाती लागला. नायजेरियाच्या लष्करी व राजकीय वरिष्ठांनी मोहिमेत अडथळे आणले, त्यांना हिऱ्यांच्या प्रदेशात आरयूएफशी असलेले संबंध जपायचे होते, असा गंभीर आरोप त्यात होता. नायजेरियाने तो संतापाने फेटाळला आणि जेटलींना हटवण्याची मागणी केली. आरोप सिद्ध झाला नाही.

३२/
येथे घाईने न्यायनिवाडा करण्याचे कारण नाही. कमांडरला आपला हुकूम पाळला जात नसल्याचे दिसत होते. तो आपली व्यथा लिहीत होता. दुसरीकडे, फ्रीटाउनच्या रस्त्यांवर आपले शेकडो जवान गमावलेल्या देशाला ‘तुम्ही शत्रूला मिळालेले आहात’ हे ऐकावे लागत होते. एका सैन्यात अशी तक्रार वरिष्ठांकडे जाते आणि तेथे मिटते. येथे तक्रार ऐकणारा वरिष्ठ न्यूयॉर्कमध्ये होता आणि दोन्ही देशांची त्याला गरज होती.

३३/
सप्टेंबर २००० मध्ये भारताने आपल्या तीन हजारांहून अधिक सैनिकांची तुकडी काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला. पाठोपाठ जॉर्डनचाही तसाच निर्णय आला. सेनेतील सर्वांत सुसज्ज अशा दोन तुकड्या, ऐन गरजेच्या वेळी, बाहेर पडल्या. आरयूएफला रणांगणात जे साधले नव्हते, ते सहयोगी देशांच्या आपसातील अविश्वासाने साधले.

३४/
यानंतरची सुधारणा कमी गाजली, पण अधिक शिकवणारी आहे. केनियाचे लेफ्टनंट जनरल डॅनियल ओपांडे नवे फोर्स कमांडर झाले. उपसेनापती म्हणून नायजेरियाचे मार्टिन लूथर अगवाई आले आणि चीफ ऑफ स्टाफ म्हणून एक ब्रिटिश ब्रिगेडियर. म्हणजे रुसलेला मोठा शेजारी आणि बाहेर उभा असलेला बलाढ्य मित्र, दोघांनाही निर्णयाच्या टेबलावर जागा मिळाली. बांगलादेश आणि पाकिस्तानच्या मोठ्या तुकड्यांनी पोकळी भरून काढली.

३५/
मार्च २००१ मध्ये मंजूर संख्या १७,५०० झाली. त्या काळातील ही संयुक्त राष्ट्रांची सर्वांत मोठी शांतिसेना. शिवाय ब्रिटनने सिएरा लिओनचे राष्ट्रीय सैन्य नव्याने घडवले, गिनीच्या सैन्याने सीमेवर आरयूएफला जबर तडाखे दिले आणि टेलरच्या हिऱ्यांच्या व्यापारावर निर्बंध आले. ७० हजारांहून अधिक लढवय्यांनी शस्त्रे ठेवली. जानेवारी २००२ मध्ये युद्ध संपल्याचे जाहीर झाले. डिसेंबर २००५ मध्ये युनामसिलचे काम आटोपले.

३६/
ऑगस्ट २००० मध्ये लख्दर ब्राहिमी यांच्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. शांतिसेनेच्या सुधारणांचा विचार आजही त्यापासून सुरू होतो. मँडेट स्पष्ट असावे, ते पार पाडण्याइतके सैन्य आधी हाती असावे, तुकड्यांची तयारी तैनातीपूर्वी तपासली जावी, असे त्यात सांगितले होते. रवांडा आणि स्रेब्रेनित्साच्या अपयशांची सावली त्या अहवालावर होतीच. मे महिन्यातील सिएरा लिओनची नामुष्की तर अगदी ताजी होती.

३७/
यापुढे एखाद्या बहुराष्ट्रीय मोहिमेची बातमी वाचताना सैनिकांचा एकूण आकडा पाहून थांबू नये. तीन गोष्टी शोधाव्यात. धोक्याच्या क्षणी प्रत्येक तुकडी कोणाला विचारणार? ठरावाचा जो अर्थ न्यूयॉर्कमध्ये लावला जातो, तोच तुकडी पाठवणाऱ्या सरकारने लावला आहे का? आणि ज्या देशाने सर्वाधिक रक्त सांडले आहे, त्याला निर्णयात स्थान आहे का?

३८/
मे २००० मध्ये या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वाईट होती. त्याची किंमत मकेनीतील केनियन जवानांनी, बंदी झालेल्या झांबियन सैनिकांनी, कैलाहुनच्या वेढ्यातील गोरख्यांनी आणि सांकोच्या दारात गोळ्या झेलणाऱ्या फ्रीटाउनकरांनी चुकवली. दोन वर्षांनंतर तीच शांतिसेना, सुधारलेल्या मांडणीसह, तोच देश शांततेपर्यंत नेऊ शकली.

(समाप्त)